परसातले बदक अंडी देईना? विकण्याआधी हे पाहा



दिवाळी सरली, भाताची झोडणी आटोपली, की परसातल्या बदकांची अंडी कमी होऊ लागतात. रोज चार मिळायची तिथे एक मिळते, कधी तेही नाही. मग घरात कोणीतरी म्हणतेच, "नुसती खायला काळ झालीत, नेऊन टाका आठवड्याच्या बाजारात!" अंड्यांचा पैसा बहुधा घरच्या बाईच्या हाती असतो. मीठ-मिरची, मुलांच्या वह्या-पेन्सिली त्यावर भागतात. म्हणून बाजाराची वाट धरण्याआधी पुढच्या गोष्टी ओळीने तपासा. पुष्कळदा खोट बदकात नसते, आपल्या व्यवस्थेत असते.

अंडी खरोखरच बंद आहेत का?

कोंबडी दिवसा उशिरापर्यंत अंडे घालते. बदकाचे तसे नाही. पहाटेपासून सकाळी नवाच्या आत त्याचे काम बहुधा उरकलेले असते. तुम्ही उजाडताच खुराडे उघडले, तर अंडे तळ्यात, ओहोळात किंवा बांधावरच्या गवतात पडते आणि मुंगूस-कावळ्यांचे फावते. आठ दिवस बदके सकाळी नऊपर्यंत आत ठेवून पाहा. आत पिण्याचे पाणी असू द्या. आडोशाच्या कोपऱ्यात जमिनीवरच फूटभर रुंद खोकी मांडून त्यांत कोरडा पेंढा किंवा भाताचे तूस घाला. तीन माद्यांना एक खोके पुरते.

दुसरे, ज्याच्याकडून अंड्याची आशा धरली ती मादीच आहे ना? मोठ्या नराच्या शेपटीवर वर वळलेले कुरळे पीस असते आणि त्याचा आवाज घोगरा असतो. मोठ्याने ओरडते ती मादी. नर नसला तरी मादी अंडी देते, फक्त त्यांतून पिल्ले निघत नाहीत. पिल्ले हवी असतील तर पाच-सहा माद्यांमागे एक नर पुरे. जास्त नर माद्यांना सतावून जखमी करतात.

वयही पाहा. खाकी कॅम्पबेल जातीची मादी पाच-सहा महिन्यांत अंड्यावर येते आणि चांगली निगा असेल तर वर्षाला २५० ते ३०० अंडी देते. गावठी बदक उशिरा अंड्यावर येते आणि अंडीही कमी देते. शंका असल्यास मादी हळूच धरून गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंची टोकदार हाडे चाचपा. हाडांमध्ये दोन-तीन बोटे मावत असतील आणि जागा मऊ, ओलसर असेल, तर ती अंड्यावर आहे. हाडे जवळजवळ आणि जागा कोरडी, आक्रसलेली असेल, तर अंडी बंद आहेत.

उजेड, पाणी आणि पिसे

भरपूर अंड्यांसाठी बदकाला १४ ते १६ तास उजेड लागतो. डिसेंबरात आपल्याकडे दिवस सुमारे ११ तासांचा असतो. खुराड्यात लहानसा दिवा लावून ही तूट भरता येते, पण रोज ठरल्या वेळी. एक दिवस लावला, दोन दिवस विसरला, असे नको. जमत नसेल तर संक्रांतीनंतर दिवस वाढेपर्यंत धीर धरा.

पिसे झडत असतील तर दीड-दोन महिने अंडी थांबणारच. तो रोग नव्हे. खुराडे हलवणे, नवी बदके आणणे, रात्री कुत्र्याने भुंकून घाबरवणे यांनीही अंडी बंद पडतात. पोहायला तळे नसले तरी चालेल, पण चोच नाकपुड्यांसकट बुडेल इतके खोल पाणी हवे. कोरडे खाद्य त्याच्या घशात अडकते. खाद्य ओले करून द्या आणि उरलेले आंबण्याआधी काढून टाका.

खाण्यातली खोट

नुसत्या कोंड्यावर अंडी मिळत नाहीत. कोंड्यात भरडलेले धान्य, पेंड आणि मासळीची कुटी मिसळा. शेतात चरणारे बदक गोगलगायी आणि किडे खाऊन बरीच भर काढते. शेते कोरडी पडली की ती भर तुटते. हिवाळ्यात अंडी कमी होण्याचे हेही एक कारण आहे.

बुरशी आलेली भुईमुगाची पेंड किंवा मका बदकांपुढे मुळीच टाकू नका. १९६० मध्ये इंग्लंडात अशी पेंड खाऊन लाखावर टर्की पक्षी मेले, बदकांची पिल्लेही मेली. त्या शोधातूनच अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष उघडकीस आले. बदक या विषाला फार नाजूक असते. पेंड उन्हात वाळवून किंवा शिजवून विष जात नाही.

मऊ कवच आणि अडकलेले अंडे

कवच पातळ येत असेल तर कुटलेले शिंपले वेगळ्या भांड्यात ठेवा. मादी हवे तेवढे खाईल. भिंतीचा चुना घालू नका, तोंड भाजते. अंड्यावर न आलेल्या पिल्लांना शिंपले देऊ नका.

मादी एकटी बसते, शेपूट हलवत कुंथते, पाय फाकून चालते, तर अंडे अडकले असावे. तिला टोपल्यातल्या कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटे बसवा. गुदद्वाराभोवती खाण्याचे तेल लावा आणि उबदार, अंधाऱ्या जागी एकटी ठेवा. बोट घालून अंडे ओढू नका, आत फोडू तर मुळीच नका. दोन-तीन तासांत सुटली नाही तर गुरांच्या दवाखान्यात न्या. आतला भाग बाहेर आला असेल तर तो स्वच्छ पाण्याने धुवा, मादी वेगळी करा, नाहीतर बाकीची बदके टोचतात, आणि तिला ताबडतोब दवाखान्यात न्या.

रोगाची खूण

मादी मलूल, हिरवट-पांढरी हगवण, डोळ्यांतून पाणी, एकामागून एक मरतूक, अशी लक्षणे दिसली तर घरगुती उपाय करत बसू नका. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला बर्ड फ्लू आला होता, हे विसरू नका. अशा वेळी मेलेले पक्षी हाताळू नका, विकू नका, दवाखान्याला कळवा. औषध चालू असलेल्या बदकांची अंडी किती दिवस खायची नाहीत, हे डॉक्टरांना विचारून घ्या.

बदके आणि कोंबड्या एका खुराड्यात कोंडणेही टाळा. कोंबड्यांना बिनकवचाची अंडी घालायला लावणारा एक विषाणू १९७६ मध्ये हॉलंडमध्ये आढळला. त्याचे मूळ घर बदकच! बदक ठणठणीत राहते आणि नुकसान कोंबडीचे होते. दोघांची पाण्याची भांडी तरी वेगळी ठेवा.

शेवटी एक साधे काम. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजच्या अंड्यांचा आकडा लिहा. मुलांना हे काम आवडते. अंडी कधी घटली आणि त्या आठवड्यात काय बदलले, ते महिनाभरात तुमचे तुम्हालाच कळेल. एवढे करून वर्षभर जी मादी रिकामी राहील, ती मग खुशाल बाजारात न्या.