बहिरा आणि बहिरे मूल

ताडोबाच्या मोहर्ली प्रवेशद्वाराशी पहाटे गाड्यांची रांग लागते, तेव्हा तिथल्या वाटाड्यांचे सारे लक्ष कानांत एकवटलेले असते. वाघ दिसतो नंतर. आधी चितळाचा किंवा वानराचा 'कॉल' येतो. कानावर पोट असलेल्या या गावात, एका चहाच्या टपरीमागे चारेक वर्षांचे एक मूल खडे मांडत बसले होते. हाक मारली तरी ते वळले नाही. त्याच्या आजीने न विचारताच खुलासा केला, "डोहाळे रायले तिचे, म्हून कान फुटला पोराचा." 'ती', म्हणजे मुलाची आई, शेजारीच कप विसळत होती. ती काही बोलली नाही.

डोहाळे पुरवले नाहीत तर मुलाचा कान फुटतो, ही समजूत महाराष्ट्रात सर्वत्र आढळते. आपण तिला अडाणीपणा म्हणून बाजूला सारतो. तिच्या मागे मात्र शास्त्रग्रंथांची परंपरा आहे. गर्भावस्थेत वाताचा प्रकोप झाला किंवा दौहृदाची अवमानना झाली, तर मूल कुबडे, पांगळे, मुके किंवा गेंगाणे होते, असे सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात सांगितले आहे. 'दौहृद', 'दोहद' आणि 'डोहाळे' ही एकाच शब्दाची रूपे आहेत. शब्दासोबत त्याच्यातला आरोपही आपल्या भाषेत उतरला. मूळ वचनात डोहाळे पुरवणाऱ्यांची जबाबदारी अभिप्रेत होती. लोकव्यवहारात बोल मात्र बहुधा आईलाच लागला.

मराठी साहित्याचा विद्यार्थी सोळाव्या-सतराव्या शतकांचा विचार संतकाव्याच्या आधारे करतो. बहिरेपणाविषयी तो एकनाथांच्या (१५३३-१५९९) 'बहिरा' या भारुडापाशी जातो आणि तिथेच थांबतो. माझे म्हणणे असे, की हे भारूड त्या काळच्या वैद्यकाच्या आणि धर्मशास्त्राच्या शेजारी ठेवून वाचल्याशिवाय त्याचा पुरता अर्थ लागत नाही.

प्रथम वैद्यक. सुश्रुताने कानाचे अठ्ठावीस रोग मोजले आहेत व बाधिर्याचे कारण शब्दवाही स्रोतसांत अडकलेला वात किंवा कफयुक्त वात हे दिले आहे. त्यावरचा प्रसिद्ध उपाय बिल्वतैलाचा: गोमूत्रात वाटलेले बेलफळ आणि बकरीचे दूध यांनी सिद्ध केलेले तेल कानात भरायचे. सोळाव्या शतकातील 'भावप्रकाश', त्यानंतरचा 'योगरत्नाकर' अशा संग्रहग्रंथांनी ही चिकित्सा पुढे चालवली. याच परंपरेत एक स्पष्ट कबुलीही आहे: बालकाचे, वृद्धाचे आणि फार दिवसांचे बाधिर्य वैद्याने सोडून द्यावे. जन्मजात बहिरेपणात बहुधा अंतर्कर्णाचा दोष असतो व तिथे तेल पोहोचत नाही, हे आज आपण जाणतो. पू वाहणाऱ्या, पडदा फाटलेल्या कानात तर तेल घालूच नये. म्हणून 'हे आमच्याने होणार नाही' म्हणणारा वैद्य मला प्रामाणिक वाटतो.

पण ही कबुली रुग्णापाशीच थांबत नव्हती. मनुस्मृतीने जन्मांध, जन्मबधिर व मुका यांना दायभागातून वगळले. याज्ञवल्क्याच्या यादीत 'अचिकित्स्यरोगी' असा शब्दच आहे. त्यावर कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयाने विज्ञानेश्वराने लिहिलेली 'मिताक्षरा' महाराष्ट्रात प्रमाण मानली गेली. तिच्यात एक लक्षणीय सवलत आहे: वाटणीनंतरही औषधाने दोष गेला, तर वाटा मिळावा. अशांचे पोषण करणे कुटुंबावर बंधनकारक होते आणि त्यांच्या निर्दोष पुत्रांना हिस्सा होता. म्हणजे मुलाला वाऱ्यावर सोडले नव्हते. तरीही त्याचा वारसा बरे होण्यावर टांगलेला होता आणि बरे होणार नाही, हे वैद्याने आधीच सांगून टाकले होते. हा नियम कायद्याने रद्द होण्यास १९२८ साल उजाडावे लागले.

आता एकनाथांकडे येऊ. त्यांचा बहिरा हरिकीर्तन न ऐकल्यामुळे बहिरा आहे. त्यांनी 'मुका'ही लिहिला. तिथे वाणीच्या अपराधाने वाचा जाते. इथे एकनाथांवर अन्याय होऊ नये. भारुडातला बहिरा प्रथमपुरुषी बोलतो. तो दुसऱ्याच्या व्यंगाला हसत नाही, कान असून न ऐकणाऱ्या आपल्यासारख्यांना आरसा दाखवतो. रूपक म्हणून ते चोख आहे. परंतु रूपकाला एक किंमत असते. बहिरेपण म्हणजे न ऐकण्याचा दोष, हे समीकरण रोज कीर्तनात घुमत असेल, तर खरोखर बहिऱ्या मुलाकडे पाहणारा गाव कोणता प्रश्न विचारील? कुणाचे काय चुकले, हाच. टपरीवरच्या आजीने त्याचेच उत्तर दिले होते.

त्या शतकात याहून वेगळा प्रश्न विचारता येत होता काय? येत होता. एकनाथांच्या हयातीतच अकबराने १५७८ च्या सुमारास काही तान्ही मुले भाषेचा शब्दही कानी पडणार नाही अशा घरात वाढवून पाहिली. १५८२ मध्ये तो तिथे गेला तेव्हा त्यांना बोलता येत नव्हते. प्रयोग क्रूर होता, पण निष्कर्ष उघड होता: भाषा मिळाली नाही म्हणून मूल मुके राहते. आपण 'मुका-बहिरा' हे दोन शब्द एका श्वासात म्हणतो. त्यातला पहिला बहुधा दुसऱ्याचा परिणाम असतो. त्याच काळात स्पेनमध्ये ओन्या येथील मठात पेद्रो पोन्से दे लेओन (मृत्यू १५८४) हा संन्यासी एका सरदार घराण्यातील बहिऱ्या मुलांना लिहायला, मग बोलायला शिकवत होता. १६२० मध्ये हुआन पाब्लो बोनेत याने या विषयावर पुस्तक छापले. त्यात बोटांची वर्णमाला आहे. त्यांनी कान बरा केला नाही. कान बरा झाला नाही तरी भाषा देता येते, एवढे त्यांनी ओळखले. अर्थात ही विद्याही तेव्हा श्रीमंतांच्या मुलांपुरतीच होती.

आपल्याकडे हे पाऊल पडायला १८८० चे दशक यावे लागले. मुंबईत बिशप लिओ म्युरिन यांच्या पुढाकाराने मूकबधिरांची शाळा निघाली. वैद्य, शास्त्री आणि संत हे तिघेही आपापल्या जागी प्रामाणिक होते, पण या मुलाला भाषा कोण देणार, हा प्रश्न तिघांच्याही कक्षेबाहेर राहिला.

ही केवळ इतिहासातली उणीव असती तर लेख लिहिला नसता. आज नवजात बाळाचे ऐकणे पहिल्या महिन्यात तपासावे, तिसऱ्यापर्यंत निदान व सहाव्यापर्यंत उपाय सुरू व्हावा, असे वैद्यक सांगते. कारण भाषा रुजण्याची वर्षे थोडी असतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात (२०१३) जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे. फुटलेल्या कानावर उपचार आहेत. जिथे श्रवणयंत्राचा उपयोग नाही तिथे खुणांची भाषा आहे, आणि तीही पूर्ण भाषाच आहे. पण 'डोहाळे रायले' हे उत्तर ज्या घरात पुरेसे ठरते, तिथून कुणी चंद्रपूरच्या दवाखान्याकडे निघत नाही. दोष ठरला की शोध थांबतो.

साहित्याच्या शिक्षकाने यात काय करावे? 'बहिरा' अभ्यासक्रमातून काढावा, असे मी मुळीच म्हणणार नाही. तो शिकवावा, आणि रूपक उलगडून झाल्यावर वर्गाला विचारावे, की कीर्तनाच्या त्या गर्दीत जन्मतः बहिरे मूल आईच्या मांडीवर बसले असेल, तर त्याला या भारुडातून काय मिळाले असेल, आणि त्याच्या आईला काय ऐकावे लागले असेल. निदान तेवढा वेळ तरी वर्ग त्या आईच्या बाजूने विचार करील.