नवनिर्मिती कुणाची आणि कुणासाठी?

चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे एक लहान खेडे आहे. तेथील अल्पभूधारक शेतकरी दादाजी खोब्रागडे यांना आपल्या धानाच्या बांधीत काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या जपून ठेवल्या, हंगामामागून हंगाम त्यांची निवड केली आणि त्यातून बारीक दाण्याचे एक नवे वाण सिद्ध केले. त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून त्या वाणाला ‘एचएमटी’ हे नाव पडले. विदर्भाची सीमा ओलांडून ते शेजारच्या राज्यांतही पोहोचले. दादाजींना पुरस्कार मिळाले, त्यांची छायाचित्रे छापून आली. परंतु त्यांच्या वाणाने जी संपत्ती निर्माण केली, तिचा वाटा काही त्यांच्या घरी आला नाही. ३ जून २०१८ रोजी हा शेतकरी-संशोधक आजारपणाला आणि आर्थिक ओढगस्तीला तोंड देत निवर्तला. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने आपले नाविन्यपूर्ण स्टार्टअप धोरण जाहीर केले.

हा योगायोग मनाला लागणारा आहे. पण केवळ हळहळण्याचा हा विषय नव्हे. मागास विभागांत नवनिर्मितीची केंद्रे उभारावीत, तेथील तरुणांच्या उद्योगांना बीजभांडवल व मार्गदर्शन द्यावे, असे आज सर्व पक्ष म्हणतात. केंद्र सरकारने १६ जानेवारी २०१६ रोजी ‘स्टार्टअप इंडिया’चा आरंभ केला, तेव्हापासून ही भाषा जिल्ह्या-जिल्ह्यांत पोहोचली आहे. आपल्यातील काही मित्रांना हे सारे भांडवलदारी खूळ वाटते व त्याकडे पाठ फिरवावी असे ते सुचवतात. मला ही भूमिका चुकीची वाटते. नवे यंत्र, नवे वाण, नवी पद्धत शोधून काढणारी बुद्धी ही श्रमिकांचीच बुद्धी आहे. तिला साधने मिळवून देणे हे आपले काम नव्हे, तर मग कुणाचे?

प्रश्न मदत द्यावी की नाही हा नाही. मदतीचा हक्कदार कोण, आणि मदतीतून जे उभे राहील त्यावर मालकी कुणाची, हा खरा प्रश्न आहे.

विभागीय विकासाचे जुने प्रयोग येथे तपासून पाहिले पाहिजेत. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले आणि १९६४ पासून मागास भागात जाणाऱ्या उद्योगांना सामूहिक प्रोत्साहन योजनेखाली सवलती मिळू लागल्या. त्यानंतर वीस वर्षांनी, १९८४ साली, प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने विभागीय अनुशेषाचे जे मोजमाप मांडले, त्यात विदर्भ व मराठवाडा मागेच होते. पुढे १९९४ साली वैधानिक विकास मंडळे आली. त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. सवलतींनी काहीच घडले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. कारखाने आले, रोजगार मिळाला. परंतु बहुतेक ठिकाणी आली ती उत्पादनाची शेड. आराखडा काढणारा विभाग, प्रयोगशाळा आणि निर्णय घेणारे कार्यालय मुंबई-पुण्यातच राहिले. हात मराठवाड्याचे आणि डोके दुसरीकडे, अशी ही विभागणी होती. म्हणूनच सवलत संपली की शेडला कुलूप लागे आणि मागे उरे तो गंजका पत्रा.

आजच्या नवनिर्मिती केंद्रांची गत याहून वेगळी होईल, याची हमी काय? काचेच्या तावदानांची इमारत, दोन संगणक-कक्ष, एक उद्घाटन आणि वर्षाकाठी एक स्पर्धा, एवढ्याने नवनिर्मिती रुजत नाही. त्यात या उद्योगांना मिळणारे साहस-भांडवल आपल्या स्वभावधर्माने चालते. असा निधी साधारण दहा वर्षांच्या मुदतीचा असतो. त्या मुदतीत दहापैकी एखाद्या कंपनीने अनेकपट परतावा द्यावा आणि उरलेल्या बुडाल्या तरी चालेल, हे त्याचे गणित. हळदीच्या काढणीसाठी एखाद्या मिस्त्रीने सोपे अवजार तयार केले आणि ते पंचक्रोशीतल्या हजारभर शेतकऱ्यांना उपयोगी पडले, तर समाजाच्या दृष्टीने तो मोठा लाभ असतो. या भांडवलाच्या दृष्टीने तो नगण्य ठरतो. आणि एखादी कंपनी खरोखरच वाढली, तर तिची मूळ मालकी सिंगापूरला वा अमेरिकेतील डेलावेअरला हलवली गेल्याची उदाहरणे आहेत. जोखीम इथल्या जनतेची आणि लाभ दूरच्या भागधारकांचा, असा हा व्यवहार होतो.

मग करावे काय? उत्तरासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली ज्या माळरानावर कारखाना थाटला, ती जमीन औंध संस्थानच्या अधिपतींनी दिलेली होती. इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग चालवला, त्यालाही संस्थानिकांचा आश्रय होता. स्वातंत्र्यानंतर प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हा शेतकऱ्यांच्या भागांबरोबर मुंबई सरकारनेही भागभांडवल घातले आणि सार्वजनिक वित्तसंस्थेने कर्ज दिले. तिन्ही ठिकाणी स्थानिक कल्पकतेला सार्वजनिक साधनांचा आधार होता. पण मालकी शेतकऱ्यांची असावी हा आग्रह धरला तो फक्त प्रवरेने, आणि म्हणून तेथे शाळा, रुग्णालये, तंत्रनिकेतने उभी राहिली.

सहकाराचे पुढे काय झाले, हे आपण विसरू नये. सभासदांची संस्था थोड्या घराण्यांची जहागीर झाली आणि बीडहून येणारा ऊसतोड कामगार कधीच सभासद झाला नाही. मालकी कागदावर सामूहिक असणे पुरेसे नसते. ज्याचे श्रम त्यात आहेत त्याला तिच्यात जागा असावी लागते.

स्पेनच्या बास्क प्रदेशातील मोंद्रागोनचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. तेथे एका धर्मगुरूने १९४३ साली आधी तंत्रशाळा काढली. तिच्यात शिकलेल्या पाच तरुणांनी १९५६ साली सहकारी कारखाना सुरू केला. १९५९ साली कामगारांची पतसंस्था निघाली आणि १९७४ साली संशोधन केंद्र. आधी शिक्षण, मग कार्यशाळा, मग पतपुरवठा आणि शेवटी प्रयोगशाळा, असा हा क्रम आहे. आपण मात्र इमारतीपासून आरंभ करतो. मोंद्रागोनलाही तडे गेले. परदेशातील शाखांत मजूर ठेवले, पण त्यांना सभासदत्व दिले नाही. २०१३ साली त्यांचा घरगुती उपकरणांचा मोठा कारखाना बुडाला. तरीही त्यातील अनेक कामगार-सभासदांना भगिनी-संस्थांनी सामावून घेतले. भागधारकांची कंपनी बुडते तेव्हा असे कुणी सामावून घेत नाही.

आपल्याकडेही योग्य क्रमाचा एक नमुना आहे. पुणे जिल्ह्यातील पाबळ या अवर्षणप्रवण गावी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेतून बाहेर पडलेल्या मुलांनी हाताने काम करीत विज्ञान शिकावे आणि गावाला लागणारी सेवा विकून आपला चरितार्थ चालवावा, ही त्यामागची दृष्टी होती. पुढे संगणकाच्या साहाय्याने वस्तू घडवणारी प्रयोगशाळा तेथे आली. ती रुजली, कारण वीस वर्षे आधी तेथे वेल्डिंगची ठिणगी उडत होती.

शासनाकडे याहून मोठी साधने आहेत. दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथे एस.टी. महामंडळाच्या मध्यवर्ती कार्यशाळा आहेत. तेथे पिढ्यान् पिढ्या बसगाड्यांची अंगे बांधली गेली. तालुक्या-तालुक्यांत औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत, कृषी विद्यापीठांची क्षेत्रे आहेत. या जागा सायंकाळी स्थानिक कारागिरांना आणि तरुणांना खुल्या केल्या, तेथे मापन व चाचणीची सोय दिली, तर महाराष्ट्रभर नवनिर्मितीची केंद्रे नव्या इमारतीवाचून उभी राहतील. यात आणखी दोन गोष्टी जोडल्या पाहिजेत. पहिली, खरेदी. नव्या उद्योगाला अनुदानाहून पहिल्या गिऱ्हाइकाची गरज अधिक असते. पूर्वानुभव व उलाढालीच्या अटींतून नवोद्योगांना सवलत देण्याचे धोरण केंद्राने स्वीकारले आहे. जिल्हा परिषदा, नगरपालिका व सार्वजनिक रुग्णालये यांच्या निविदांतही ते प्रत्यक्षात उतरले पाहिजे. दुसरी, अट. सार्वजनिक पैसा दान म्हणून न देता भाग म्हणून द्यावा. उद्योग चालला तर तो परत यावा, म्हणजे पुढच्याला मिळेल. आणि कंपनी बाहेर नेली वा विकली तर वाढीव मूल्यासह वसूल व्हावा.

येथे एक इशारा आवश्यक आहे. २०१६ च्या कृती आराखड्यात नवोद्योगांना सहा कामगार कायद्यांखाली स्वयंप्रमाणनाची मुभा देऊन सुरुवातीची काही वर्षे तपासणीतून मोकळे ठेवण्यात आले. कल्पकतेला पंख हवेत म्हणून कामगाराचे संरक्षण काढून घ्यावे, हा युक्तिवाद आपण मान्य करता कामा नये. उद्योग लहान आहे म्हणून त्यातील मजुराचे पोट लहान होत नाही.

कार्यकर्त्यांनी या प्रश्नात दोन कामे हाती घ्यावीत. आपल्या तालुक्यातील गॅरेज, हातमाग, बी राखणारे शेतकरी, विहिरीवरचे पंप दुरुस्त करणारे मिस्त्री यांची भेट घेऊन त्यांना नेमके काय अडते हे विचारावे. आणि जिल्हा नियोजन समितीपुढे त्या अडचणींची यादी ठेवून निधीचा हिशेब मागावा. पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा २००१ साली झाला. त्याखाली शेतकऱ्याला आपल्या वाणाची नोंदणी करता येते. पण हे ज्याला ठाऊक असायला हवे, त्याच्या बांधापर्यंत ही माहिती कुणी नेली? धोरणाची पुस्तिका तेथवर जात नाही. कार्यकर्ता जाऊ शकतो. नांदेडच्या बांधीपर्यंत वेळेवर कुणी पोहोचले असते, तर दादाजींची नोंद केवळ पुरस्कारांच्या यादीत राहिली नसती.