मैना अजून गावावरच



सभेत 'माझी मैना गावावर राहिली' सुरू झाले, की जुन्या माणसांना १९६९चा पावसाळा आठवतो. १८ जुलैला अण्णा भाऊ साठे हलाखीत गेले. दीड महिन्यात, २९ ऑगस्टला, आपल्या शेजारच्या बार्शीचे शाहीर अमर शेख अपघातात गेले. लाल बावटा कलापथकाचे दोन बुलंद आवाज थांबले.

डोळे जरूर पुसा. पण गाणे कशाचे, तेही आठवा. कारभारीण गावी ठेवून पोटासाठी मुंबई गाठणाऱ्या गड्याचे हे गाणे. आज कोरडवाहू ज्वारी-कापसात खर्च निघत नाही, म्हणून कळंब-भूमकडची जोडपीच्या जोडपी ऊसतोडीला जातात. तसबिरीला हार घालून हे थांबणार नाही. घामाचे दाम मिळून गडी गावात राहील, तीच शाहिरांना श्रद्धांजली.