आधी निदान, मग बदल : अधूनमधून चार्ज करणारा अल्टरनेटर

पूर्णपणे निकामी झालेला अल्टरनेटर ओळखणे अवघड नसते. इंजिन चालू असतानाही बॅटरीचा लाल दिवा पेटलेला राहतो, पुढचे दिवे मंदावतात आणि काही वेळाने गाडी थांबते. खरी अडचण असते ती अधूनमधून चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरची. सकाळी दिवा लागतो आणि गॅरेज गाठेपर्यंत विझतो. मीटरवर १४ व्होल्ट दिसतात आणि गाडी निर्दोष ठरते. आठवडाभराने तीच गाडी पुन्हा रस्त्यात उभी असते. मग आधी बॅटरी बदलली जाते, त्यानंतर अल्टरनेटर आणि शेवटी वायरिंगकडे लक्ष जाते. या क्रमाला दुरुस्ती म्हणता येत नाही. तो अंदाजावर केलेला खर्च असतो. कीड न ओळखता केलेल्या फवारणीची सवय ज्यांना खटकते, त्या कृषी संशोधन संस्थांनी तरी आपल्या वाहनांच्या बाबतीत हीच सवय चालू ठेवू नये.

हा प्रश्न केवळ वाहन विभागाचा नाही. बेंगळुरूत हेब्बाळ येथे राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरो आहे, तर हेसरघट्टा येथे भारतीय बागवानी संशोधन संस्था. अशा संस्थांच्या गाड्यांतून माणसांबरोबर सजीव नमुनेही प्रवास करतात. ट्रायकोग्रामाच्या एका कार्डवर साधारण १८ ते २० हजार परोपजीवीग्रस्त अंडी असतात. ही कार्डे शीतपेटीत ठेवावी लागतात, कारण उष्णतेत सूक्ष्म गांधीलमाश्या शेतात पोहोचण्याआधीच बाहेर पडतात. शीतपेटी गाडीच्या १२ व्होल्टच्या पुरवठ्यावर चालत असेल, तर अल्टरनेटरचा लहरीपणा थेट त्या कार्डांपर्यंत पोहोचतो. बॅटरी उतरल्याने गाडी थांबली, तर एका दिवसाच्या प्रवासाबरोबर काही आठवड्यांचे संवर्धनही वाया जाते.

बेंगळुरूची वाहतूक या दोषाला विशेष पोषक आहे. टॉमटॉमच्या २०२२ च्या वाहतूक निर्देशांकानुसार या शहराच्या मध्यवर्ती भागात १० किलोमीटर अंतर कापण्यास सरासरी २९ मिनिटे १० सेकंद लागत होते. याचा अर्थ इंजिन बराच काळ निष्क्रिय गतीवर, म्हणजे मिनिटाला सुमारे ७०० ते ९०० फेऱ्यांवर चालते. अल्टरनेटर इंजिनापेक्षा दोन ते तीन पट वेगाने फिरत असला, तरी या अवस्थेत तो आपल्या पूर्ण क्षमतेने वीज देऊ शकत नाही. त्याच वेळी वातानुकूलनाचा पंखा, रेडिएटरचा पंखा, दिवे आणि पावसाळ्यात वायपर असे सर्व ग्राहक एकदम वीज ओढत असतात. सिल्क बोर्ड चौकातील कोंडीत अर्धा तास उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी थोडी उतरली, तर तो बिघाड असेलच असे नाही. कदाचित ते साधे जमाखर्चाचे गणित असेल. म्हणून पहिला प्रश्न ‘कोणता भाग बदलावा’ हा नसून ‘दोष आहे का, आणि असल्यास तो कोणत्या स्थितीत दिसतो’ हा असला पाहिजे.

याचे उत्तर मोजमापातूनच मिळते. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या निरोगी, पूर्ण भरलेल्या बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट दिसतात, १२.२ व्होल्ट दिसल्यास ती जवळपास निम्मी रिकामी आहे असे समजावे. इंजिन सुरू केल्यावर हा आकडा साधारणतः १३.८ ते १४.५ व्होल्टच्या दरम्यान स्थिरावतो. तो सतत १५ व्होल्टच्या वर राहत असेल तर रेग्युलेटर बिघडलेला असण्याचा संभव असतो आणि बॅटरीचे आयुष्य घटते. मात्र अलीकडच्या अनेक गाड्यांत इंजिनाचा संगणकच चार्जिंग नियंत्रित करतो. बॅटरी भरलेली असताना तो मुद्दाम दाब कमी करतो आणि गाडीचा वेग उतरताना वाढवतो. अशा गाडीत १२.८ व्होल्टचा आकडा पाहून अल्टरनेटर काढणे म्हणजे निरोगी रोपाला औषध देणे होय. त्या मॉडेलची नियमपुस्तिका न पाहता निष्कर्ष काढू नये.

अधूनमधून येणाऱ्या दोषाची खरी किल्ली तो केव्हा येतो यात असते. थंड इंजिनावर किंवा पावसात दोष दिसत असेल आणि सोबत चिरका आवाज येत असेल, तर सैल किंवा झिजलेला पट्टा आणि त्याचा ताणक यांवर प्रथम संशय घ्यावा. तासभर चालवून गाडी तापल्यावर चार्जिंग बंद होत असेल आणि गार झाल्यावर पुन्हा सुरू होत असेल, तर रेग्युलेटर किंवा रोटरच्या गुंडाळीतील तडा तपासावा. उष्णतेने धातू प्रसरण पावतो आणि तुटका सांधा उघडतो. खड्ड्यातून जाताना दिवा लुकलुकत असेल, तर सैल जोडणी किंवा झिजलेले कार्बन ब्रश कारणीभूत असू शकतात. झिजून आखूड झालेल्या ब्रशवर स्प्रिंगचा दाब अपुरा पडतो. हादऱ्याने त्याचा स्लिप रिंगशी संपर्क कधी जुळतो, कधी तुटतो. चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्यापूर्वी, बॅटरीचा दिवा लागतो की नाही हेही पाहावे. अनेक जुन्या रचनांत अल्टरनेटरला जागे करणारा प्रारंभिक प्रवाह याच दिव्यातून जातो. दिवा जळला असेल तर इंजिनाची गती वाढवेपर्यंत चार्जिंग सुरूच होत नाही.

अल्टरनेटर निर्दोष असूनही बॅटरीपर्यंत वीज पोहोचत नाही, असेही वारंवार घडते. त्यासाठी दाबघटीची चाचणी करावी. इंजिन चालू ठेवून दिवे आणि पंखा लावावेत आणि मीटरची एक टोकणी अल्टरनेटरच्या मुख्य टोकाला, दुसरी बॅटरीच्या धन टोकाला लावावी. या दोन बिंदूंत ०.२ ते ०.३ व्होल्टपेक्षा अधिक फरक दिसल्यास दोष मधल्या तारेत, फ्यूजमध्ये किंवा गंजलेल्या जोडणीत आहे. हीच चाचणी अल्टरनेटरचे धातूचे आवरण आणि बॅटरीचे ऋण टोक यांमध्येही करावी, कारण इंजिन व चॅसिस यांना जोडणारी अर्थची पट्टी गंजल्यास नेमका हाच लपंडाव सुरू होतो. ही चाचणी पाच मिनिटांची असते. साधा मल्टिमीटर त्यासाठी पुरेसा ठरतो. मात्र फिरता पट्टा आणि पंखा यांपासून हात व सैल कपडे दूर ठेवावेत.

काही ठिकाणी अजूनही एक घातक चाचणी केली जाते : इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढायची आणि इंजिन बंद पडते का ते पाहायचे. डायनामोच्या काळातील ही पद्धत आज वर्ज्य मानली पाहिजे. बॅटरी ही चार्जिंग व्यवस्थेतील धक्काशोषक आहे. ती अचानक दूर केल्यास दाब क्षणार्धात कित्येक पटींनी उसळू शकतो, आणि त्यात डायोड, रेग्युलेटर किंवा इंजिनाचा संगणक जळू शकतो. त्यातून मिळणारे उत्तरही फसवे असते. अधूनमधून बिघडणारा अल्टरनेटर त्या क्षणी नेमका चालू असू शकतो.

येथे एक आक्षेप स्वाभाविक आहे. कारागिराचा वेळ महाग, संस्थेची निकड मोठी; मग चाचण्यांत दिवस घालवण्यापेक्षा भाग बदलणे स्वस्त नाही का? जे. सी. रोडसारख्या बाजारात सुटे भाग सहज मिळतात हे खरेच. परंतु अर्थची पट्टी गंजलेली असताना नवा अल्टरनेटर बसवला, तर दोष तसाच राहतो आणि खर्च मात्र दुप्पट होतो. कपाशीचे उदाहरण शेतकऱ्यांना परिचित आहे. पाने लाल होतात तेव्हा कारण मॅग्नेशियमची कमतरता असू शकते किंवा तुडतुड्यांचा प्रादुर्भाव. पहिल्या स्थितीत शिरा हिरव्या राहून मधला भाग लालसर होतो. दुसऱ्या स्थितीत पानांच्या कडा खाली वळतात आणि पानाखाली किडी सापडतात. रंग एकच, उपचार भिन्न. पान उलटून पाहण्याचे कष्ट टाळले, तर कीटकनाशकाचा खर्च होतो आणि पीक लालच राहते. बॅटरीच्या लाल दिव्याचे याहून वेगळे नाही.

संस्थांनी यासाठी तीन गोष्टी कराव्यात. प्रत्येक वाहनाच्या नोंदवहीत दोषाची वेळ, हवामान, चाललेले अंतर, त्या वेळी चालू असलेली उपकरणे आणि व्होल्टेज यांसाठी एक रकाना असावा. चार्जिंग सॉकेटमध्ये लावण्याचा छोटा व्होल्टमीटर चालकाला द्यावा. त्याचा आकडा बॅटरीवरील आकड्यापेक्षा किंचित कमी दिसतो, पण चढउतार नेमके सांगतो. आणि बदललेल्या प्रत्येक भागाच्या देयकासोबत बदलापूर्वीची व नंतरची मोजमापे मागावीत. मोजमाप नसेल तर देयकाला मंजुरी देऊ नये.

या अटी कठोर वाटतील, पण त्या नव्या नाहीत. गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी आठ पतंग आढळल्याशिवाय फवारणी करू नये, असा सल्ला शेतकऱ्यांना दिला जातो. मर्यादित साधनांत शेती करणाऱ्याने मोजून निर्णय घ्यावा अशी अपेक्षा ठेवणाऱ्या संस्थेला, स्वतःच्या गाडीचा निर्णय न मोजता घेण्याची मुभा असू नये.