हॉटेलचं नाव सांगाल का?

एप्रिल 2018 मध्ये अमेरिकेच्या सिनेटमध्ये सिनेटर डिक डर्बिन यांनी फेसबुकच्या मार्क झुकेरबर्ग यांना विचारलं, काल रात्री कोणत्या हॉटेलात उतरलात ते इथे सांगाल का? ते जरा थांबले आणि नाही म्हणाले. बरोबरच आहे, मीही सांगितलं नसतं!

पण 'नाही' म्हणायची ही संधी बाकीच्यांना कुठे मिळाली? स्वभाव सांगणारं एक ॲप भारतात फक्त 335 जणांनी घेतलं होतं. त्यांच्या मित्रयादीतून सुमारे 5 लाख 62 हजार भारतीयांची माहिती केंब्रिज ॲनालिटिकाकडे गेली असावी, असं फेसबुकनेच सांगितलं. त्या मित्रांना कोणी विचारलंच नव्हतं. झुकेरबर्गनी माफी मागितली, 2019 मध्ये कंपनीला 5 अब्ज डॉलर दंड झाला. साहेब मात्र खुर्चीवर कायम. मला हे पटत नाही.

आता आपलं बघू. स्नेहसंमेलनाचे फोटो नाव-इयत्तेसकट मीसुद्धा न विचारता सोशल मीडियावर टाकलेत. मुलांना विचारायचं तर सुचलंही नाही. या शनिवारी माझ्या तिसरीच्या वर्गात विचारणार आहे. कोणी 'नको बाई' म्हटलं, तर तो फोटो काढणार. तुमच्या शाळेत कसं करता?