ओळख विचारू नका, होऊ द्या

जूनमध्ये राज्यातल्या बहुतेक शाळा उघडतील. विदर्भात ऊन उतरायला वेळ लागतो, म्हणून तिथली घंटा थोडी उशिरा वाजेल. पहिलीच्या वर्गाला तोरण लागेल, प्रवेशोत्सवात चिमुकल्यांच्या हाती फुलं-फुगे येतील, कुठे त्यांच्या पावलांचे ठसे कागदावर घेतले जातील. हे सगळं व्हायलाच हवं. पण त्याच शाळेत सहावी, सातवी, आठवीचेही वर्ग असतात आणि तिथला पहिला दिवस मात्र हजेरी, पुस्तकवाटप, वेळापत्रक यांतच सरतो. मधे थोडा वेळ उरलाच, तर सर किंवा बाई सांगतात, "चला, एकेकानं उभं राहून आपापली ओळख करून द्या." हेतू चांगलाच असतो. तरीही ही पद्धत आपण थांबवावी, असं मला मनापासून वाटतं.

उभं राहिलेलं मूल काय सांगतं? पूर्ण नाव, गाव, वडील काय करतात, आधीची शाळा, गेल्या वर्षीचे टक्के. आपल्याकडे आडनाव उच्चारलं की अनेकांच्या मनात जातीचा हिशेब सुरू होतो, आणि बारा वर्षांच्या मुलांनी तो घरातून ऐकून ऐकून शिकलेला असतो. गावाचं किंवा वस्तीचं नाव उरलेलं सांगून टाकतं. ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापाचं मूल "वडील काय करतात?" या प्रश्नाशी क्षणभर थांबतं. मराठवाड्यात आणि विदर्भात ज्या घरांतला कर्ता माणूस कर्जापायी गेला, त्या घरातल्या मुलीला चाळीस अनोळखी चेहऱ्यांसमोर काय बोलावं हे सुचत नाही. शहरातल्या इंग्रजी शाळेत "सुट्टीत कुठे गेला होतात?" असा साधा वाटणारा प्रश्न येतो. शिक्षण हक्क कायद्यातल्या २५ टक्के राखीव जागांवर आलेलं मूल त्या वेळी सिंगापूर आणि मनालीच्या मधे बसलेलं असतं. ओळखीचा हा अर्धा तास संपतो तेव्हा मुलांना एकमेकांची नावं आठवत नाहीत, पण कोण कुठल्या पायरीवर आहे हे सगळ्यांना कळलेलं असतं.

या वयात तर हे फार लागतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड एल्काइंड यांनी १९६७ मध्ये कुमारवयाबद्दल एक कल्पना मांडली. या वयातल्या मुलांना सतत वाटत असतं की आपल्यापुढे प्रेक्षक बसलेत आणि ते आपलं सगळं निरखताहेत. त्याला त्यांनी 'काल्पनिक प्रेक्षक' म्हटलं. आवाज फुटू लागलेला आठवीतला मुलगा किंवा अचानक उंच झालेली सातवीतली मुलगी आठवून पाहा. एरवी प्रेक्षक त्यांच्या मनातले असतात, पहिल्या दिवशी आपण ते खरोखर समोर बसवतो आणि वर म्हणतो, "लाजायचं काय त्यात?"

महाराष्ट्रात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. जिल्हा परिषदेच्या अनेक शाळा चौथीपर्यंत किंवा सातवीपर्यंतच असतात. म्हणून पाचवीला आणि आठवीला हजारो मुलं शाळा बदलतात. ती पायी, सायकलवर किंवा एसटीनं मोठ्या गावातल्या हायस्कुलात येतात. पाच-सहा वाड्यांची मुलं एका वर्गात जमतात आणि आपसूक वाडीवाडीनं बसतात. मुली एका बाजूला, मुलगे दुसऱ्या. नंदुरबार, मेळघाट, गडचिरोलीतल्या मुलांच्या घरची बोली पावरी, कोरकू, गोंडी असते. वर्गातली मराठी त्यांना कळते, पण तिच्यात उभं राहून बोलायचं म्हटलं की जीभ अडते. बसण्याची ही पहिल्या दिवसाची रचना मोडली नाही, तर ती दहावीच्या निरोप समारंभापर्यंत टिकते.

वर्गातली जागा किती खोल जाते, हे महाराष्ट्रानं विसरू नये. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, भिवा रामजी आंबेडकर या मुलाचं नाव दाखल झालं. शाळेत वर्गाच्या कोपऱ्यात वेगळं बसावं लागे, बसायला गोणपाटाचा तुकडा असे, शाळा झाडणारा गडीही त्याला हात लावत नसे आणि रोज संध्याकाळी तो घरी न्यावा लागे, असं बाबासाहेबांनी पुढे स्वतः लिहून ठेवलं. आपलं राज्य २०१७ पासून ७ नोव्हेंबर हा 'विद्यार्थी दिवस' म्हणून पाळतं. एका मुलाच्या शाळाप्रवेशाचा दिवस सगळ्या राज्यानं पाळावा, ही मोठी गोष्ट आहे. तिचा मान भाषणांत राखतो तसाच जूनमध्ये वर्गातही राखायला हवा. कोण कुठे बसतं आणि कोणाला कशानं ओळखलं जातं, हे पाहणं शिक्षकाच्या कामाचा गाभा आहे.

मग मुलांची ओळख व्हावी कशी? याचं एक चांगलं उत्तर टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात सापडतं. १९७१ मध्ये तिथल्या शाळांत गोरी, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाची मुलं प्रथमच एका वर्गात बसू लागली आणि मारामाऱ्यांपर्यंत वेळ आली. मदतीला बोलावलेले मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरनसन आणि त्यांचे विद्यार्थी वर्गात जाऊन बसले, तेव्हा त्यांना दिसलं की शिक्षकांचं लक्ष वेधण्यासाठी सगळी मुलं एकमेकांविरुद्ध झगडताहेत. त्यांनी पाच-सहा जणांचे मिश्र गट केले. धड्याचे तुकडे पाडून प्रत्येकाला एकेक तुकडा दिला. ज्यानं त्यानं आपला तुकडा शिकून गटाला शिकवायचा, परीक्षा मात्र पूर्ण धड्यावर. एक मुलगा इंग्रजी अडखळत बोलायचा आणि बाकीचे त्याची टर उडवायचे. मग त्यांच्या ध्यानात आलं की त्याच्याजवळचा तुकडा दुसऱ्या कोणाकडेच नाही. हळूहळू ते त्याला नीट प्रश्न विचारू लागले, त्याचं ऐकू लागले. सलोख्यावर त्यांना कुणी व्याख्यान दिलं नव्हतं. एकमेकांची गरज पडेल असं काम दिलं, एवढंच.

पहिल्या दिवसाच्या खेळांची निवड मी याच कसोटीवर करीन: या खेळात मुलांना एकमेकांची गरज पडते का, आणि कोणालाही एकट्याला उघडं पाडलं जात नाही ना?

सुरुवात रांगेनं करता येईल. सगळ्यांनी आपल्या पहिल्या नावाच्या आद्याक्षराप्रमाणे, मुळाक्षरांच्या क्रमानं उभं राहायचं. अट एकच, आडनाव सांगायचं नाही. आता प्रत्येकाला शेजाऱ्याचं नाव विचारावंच लागतं. आरती आधी की आकाश, क्षितिजानं 'क'जवळ उभं राहायचं की शेवटाला, यावर वाद होतात; ते होऊ द्यावेत. दहा मिनिटांत वाड्या फुटतात, मुलगे-मुली मिसळतात आणि हे शिक्षकांनी एकदाही "मिसळून बसा" न म्हणता घडतं. त्याच रांगेतून पाच-पाचांचे गट मोजून घ्यावेत.

दुसरा खेळ शोधाशोधीचा. प्रत्येकाला बारा चौकटींचा कागद द्यायचा आणि चौकटीत बसणारं माणूस वर्गात शोधून त्याचं नाव लिहायचं. चौकटीत काय लिहायचं, इथे शिक्षकाचं शहाणपण लागतं. 'विमानात बसलेला', 'घरी कार असलेला' असं लिहिलं की पुन्हा पायऱ्या आल्या. त्याऐवजी लिहावं: भाकरी थापता येणारी किंवा येणारा, विहिरीत सूर मारलेला, शेळीची धार काढणारा, घरी शाळेपेक्षा वेगळी भाषा बोलणारी, ढोलकीवर ठेका धरणारा, पंक्चर काढता येणारी, धाकट्या भावंडाला सांभाळणारी, पतंगाचा मांजा गुंडाळायला बसणारा. शेळीची धार काढणाऱ्या मुलाला सगळा वर्ग शोधत येतो आणि कागद पुढे करतो. एरवी लपवावीशी वाटणारी गोष्ट त्या दिवशी त्याच्या उपयोगी पडते. एका माणसाचं नाव एकाच चौकटीत, असा नियम ठेवला की चार जणांवर काम भागत नाही.

तिसरं काम गटाचं. जुनी वर्तमानपत्रं द्यावीत. डिंक नाही, चिकटपट्टी नाही. पंधरा मिनिटांत जितका उंच मनोरा उभा राहील तितका करायचा. शिक्षकानं तेव्हा फक्त पाहावं. कोण पुढाकार घेतं, कोणाचं म्हणणं ऐकलं जात नाही, कोण चुपचाप पाया मजबूत करतं. वर्षभराच्या प्रगतिपुस्तकात न दिसणारं बरंच काही इथे दिसतं. कोणाचा मनोरा उंच, याचं बक्षीस ठेवू नये. कसा बांधला, हे गटानं मिळून सांगावं.

शेवटी चिठ्ठी. या वर्षी मला कशाची भीती वाटते आणि काय शिकावंसं वाटतं, ते नाव न लिहिता दोन ओळींत लिहायचं. चिठ्ठ्या डब्यात मिसळून शिक्षकांनी त्यातल्या काही वाचाव्यात. ज्यावरून मूल ओळखू येईल ती वाचू नये. "गणिताच्या तासाला फळ्यापाशी जायची भीती वाटते" हे वाक्य ऐकताना निम्म्या वर्गाला कळतं की आपण एकटे नाही.

काही खेळ मात्र पहिल्या दिवशी टाळावेत. एकमेकांचे हात धरून गुंता सोडवायचा खेळ लहान मुलांत छान चालतो. सातवी-आठवीत मुलगा-मुलीचा हात लागला की महिनाभर चिडवाचिडवी चालते. खेळायचाच तर हाताऐवजी रुमाल धरायला द्यावेत. 'दोन खरी, एक खोटी' हा प्रकारही ओळख थोडी जमल्यावर बरा, कारण त्यात पुन्हा एकेकाला सगळ्यांसमोर उभं राहावं लागतं. आणि ज्याला भाग घ्यायचा नाही त्याला वेळ मोजायचं, कागद वाटायचं काम द्यावं. पाहत बसणं हीसुद्धा वर्गात येण्याची एक वाट आहे.

शिक्षकांनीही या सगळ्यात उतरायला हवं. चौकटींचा कागद त्यांनीही भरावा, भीतीची चिठ्ठी त्यांनीही लिहावी. शिकागोत व्हायोला स्पोलिन यांनी स्थलांतरितांच्या आणि गरीब वस्त्यांतल्या मुलांसाठी जे नाट्यखेळ घडवले आणि १९६३ मध्ये पुस्तकात मांडले, त्यांत शिकवणारा परीक्षक होऊन बाजूला बसत नाही, तो मुलांच्या बरोबरीनं खेळात असतो. मुलांना हे पटकन समजतं. ज्या बाई आपल्याबरोबर रांगेत उभ्या राहून स्वतःचं पहिलं नाव सांगतात, त्यांना पुढे शंका विचारायला भीती वाटत नाही. नावांचंही असंच. तुला काय म्हणून हाक मारू, हे मुलालाच विचारावं आणि आठवड्यात सगळी नावं पाठ करावीत. हजेरी क्रमांकानं घेण्याची सवय सोडावी, "सतरा?" "हजर" या देवाणघेवाणीत मूल कुठेच नसतं.

यावर शिक्षक मित्र काय म्हणतील ते मला ठाऊक आहे. पटावर साठ मुलं, बाकं जमिनीला ठोकलेली, बाहेर पाऊस, आणि टेबलावर यू-डायसची, आधारची, बँक खात्याची माहिती भरण्याची घाई. तक्रार खरी आहे. पण रांग व्हरांड्यात करता येते, चौकटींचा कागद बाकांमधल्या वाटेत फिरूनही भरता येतो, मनोरा बाकावर उभा राहतो. साठ मुलांचे बारा गट होतात. राहता राहिले फॉर्म. ते चार दिवसांनी भरले तर आभाळ कोसळणार नाही. उलट, शिष्यवृत्तीच्या फॉर्मसाठी "अमक्या प्रवर्गातली मुलं उभी राहा" असं भर वर्गात म्हणणं कायमचं बंद व्हायला हवं. ही माहिती दाखल्यावर असते, ती कार्यालयात बघावी किंवा पालकांकडून घ्यावी. सगळ्या वर्गासमोर मुलाला जातीवरून उभं करायचा अधिकार कोणालाही नाही.

म्हणून मुख्याध्यापकांकडे माझं एक मागणं आहे. पाचवी ते आठवीच्या प्रत्येक तुकडीचे पहिल्या दिवसाचे दोन तास वेळापत्रकात लिहून, सहीनिशी, या कामासाठी राखून ठेवा. त्या दोन तासांत एकही फॉर्म नको, एकही सूचना नको, नियमांची यादी नको. केंद्रप्रमुखांनी भेट दिलीच, तर त्यांच्याही हातात चौकटींचा कागद द्या. आणि आठवड्यानं वर्गात जाऊन कोणत्याही मुलाला विचारा, "तुझ्या वर्गातल्या दहा जणांची नावं सांग, आणि प्रत्येकाला काय छान येतं तेही सांग." त्याला सांगता आलं, तर तो वर्ग वर्षभर शिकायला तयार झाला असं खुशाल समजा.