वाहिनी स्वतःची, ओसरी दुसऱ्याची

संगीताची वाहिनी काढायची, तर एके काळी उपग्रहावर जागा घ्यावी लागे, सरकारी परवाना मिळवावा लागे आणि केबलचालकांची मनधरणी करावी लागे ती वेगळीच. आज एक कॅमेरा, बऱ्यापैकी मायक्रोफोन आणि इंटरनेटची जोडणी एवढ्या सामग्रीवर वाहिनी सुरू होते. त्यामुळे 'स्वतंत्र' हे विशेषण लावून संगीत-वाहिनीची घोषणा करणाऱ्यांना आपल्याकडेही तोटा नाही. मात्र हे स्वातंत्र्य नेमके कोणापासून, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

या संदर्भात लंडनमधील 'एसबीटीव्ही'ची वाटचाल पाहण्यासारखी आहे. पश्चिम लंडनच्या ॲक्टन भागात वाढलेल्या जमाल एडवर्ड्स याने २००६ मध्ये, वयाची सोळा वर्षेही जेमतेम भरली असताना, यूट्यूबवर ही वाहिनी सुरू केली. नाताळात भेट मिळालेला कॅमेरा हेच त्याचे भांडवल. त्या काळात 'ग्राइम' ही वेगवान रॅपची शैली लंडनच्या वस्त्यांमध्ये जोम धरत होती. परंतु २००३ मध्ये सुरू झालेल्या 'चॅनेल यू'सारखा अपवाद वगळता दूरचित्रवाणीने तिला दारात उभे केले नव्हते. भरीस भर म्हणून लंडन पोलिसांनी २००५ मध्ये 'फॉर्म ६९६' आणला. कार्यक्रमात कोण गाणार, त्यांची नावे-पत्ते काय, याची माहिती आयोजकांनी आधीच पोलिसांना द्यायची, असे त्याचे स्वरूप होते. त्याचा सर्वाधिक फटका ग्राइमच्या कार्यक्रमांना बसतो, अशी टीका वर्षानुवर्षे होत राहिली आणि अखेर २०१७ मध्ये हा अर्ज रद्द झाला. म्हणजे सभागृहाचे दार अर्धे बंद, दूरचित्रवाणीचे जवळजवळ पूर्ण बंद. उरला तो रस्ता. एडवर्ड्सने तेथेच कॅमेरा लावला.

हे यश तंत्रज्ञानाचे होते, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. तसा कॅमेरा लंडनमध्ये हजारोंकडे असणार. एडवर्ड्सकडे होती ती निवड. ज्यांचे गाणे कोणीच टिपत नव्हते, ते त्याने टिपले. गायकाने सलग ६४ 'बार' सादर करायचे, अशी 'एफ ६४' नावाची मालिका उभी केली आणि तीत स्थान मिळणे ही त्या वर्तुळात प्रतिष्ठेची गोष्ट झाली. २०१० मध्ये गिटार घेऊन आलेल्या, तोवर फारशा परिचित नसलेल्या एड शीरनलाही या वाहिनीने जागा दिली. पुढे गूगलच्या जाहिरातीत एडवर्ड्स झळकला, ब्रिटिश सरकारचा 'एमबीई' किताबही त्याला मिळाला. फेब्रुवारी २०२२ मध्ये, वयाच्या अवघ्या ३१ व्या वर्षी, त्याचे निधन झाले.

आता दुसरे टोक पाहावे. युनिव्हर्सल आणि सोनी या बलाढ्य ध्वनिमुद्रण कंपन्यांनी डिसेंबर २००९ मध्ये 'वेवो' ही संगीत-चित्रफितींची सेवा सुरू केली. पैसा होता, गाजलेल्या गाण्यांचा खजिना होता, स्वतःचे संकेतस्थळही होते. तरीही २०१८ मध्ये वेवोने आपले संकेतस्थळ व मोबाइल ॲप गुंडाळून यूट्यूबवरच भर देण्याचे ठरविले. प्रेक्षक तेथेच होता! ज्यांच्याकडे एवढे सारे होते त्यांनाही स्वतःचे अंगण राखता आले नाही, तर डोंबिवलीतील किंवा पिंपरीतील चार तरुणांच्या वाहिनीची काय कथा? हिशेब साधा आहे. जाहिरातींच्या वाट्यासाठी यूट्यूबवर एक हजार वर्गणीदार आणि वर्षभरात चार हजार तास पाहिले जाणे, ही अट २०१८ पासून आहे. ती पार केली, की नेहमीच्या लांबीच्या चित्रफितीवरील जाहिरात-उत्पन्नाचे ५५ टक्के वाहिनीला मिळतात. चित्रफीत कोणापुढे आणायची, हे मात्र यूट्यूबच ठरविते. ज्याच्या हाती ससा, तो पारधी.

त्याहून बिकट प्रश्न हक्कांचा. मराठी वाहिन्यांना सर्वांत सोपा वाटणारा मार्ग म्हणजे जुनी लोकप्रिय गाणी नव्या आवाजात सादर करणे. परंतु गाण्यात शब्दांचा हक्क वेगळा, चालीचा वेगळा आणि ध्वनिमुद्रणाचा आणखी वेगळा. मूळ ध्वनिमुद्रणाला पाच वर्षे झाल्यावर ठरावीक मोबदला देऊन नवी आवृत्ती काढण्याची तरतूद भारतीय कायद्यात आहे खरी; पण ती ध्वनिमुद्रणापुरती. गाण्याला दृश्याची जोड दिली, की परवानगीचा विषय नव्याने उभा राहतो. परवानगी नसेल, तर यूट्यूबची गाणी ओळखणारी यंत्रणा तो सूर हेरते आणि मूळ हक्कधारक चित्रफीत अडवू शकतो किंवा तिचे उत्पन्न स्वतःकडे वळवू शकतो. कष्ट वाहिनीचे, कमाई दुसऱ्याची.

म्हणूनच नवे, स्वतःचे संगीत टिपणाऱ्या वाहिनीलाच काही भवितव्य आहे. मुंबईचा अनुभवही तेच सांगतो. कुर्ल्याच्या नेझीने २०१४ मध्ये आयपॅडच्या साह्याने 'आफत' हे गाणे घडविले. पुढच्याच वर्षी डिव्हाइनसमवेतचे त्याचे 'मेरे गली में' सोनी म्युझिकमार्फत आले आणि २०१९ मध्ये 'गली बॉय' चित्रपटाने ही गल्ली देशभर पोहोचविली. घरातील आयपॅड ते बहुराष्ट्रीय कंपनी, अशी ही थेट उडी. मधल्या पायरीवर एसबीटीव्हीसारखी, कलाकाराच्याच मोहल्ल्यातून आलेली वाहिनी भक्कमपणे उभी असती, तर कंपनीशी बोलणी करताना कलाकारांचे पारडे अधिक जड राहिले असते.

अर्थात अशी वाहिनी छोटी कंपनी होऊन बसण्याचा धोकाही आहेच. २०१२ च्या कायदादुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना मानधनात समान वाट्याचा हक्क दिला. तो वारस किंवा स्वामित्व संस्था यांच्याखेरीज कोणालाही लिहून देता येत नाही. चित्रफितीची मालकी कोणाची, हे मात्र करारावरच अवलंबून राहते. मित्रमित्रांनी सुरू केलेल्या वाहिनीत असा करार बहुधा तोंडीच असतो आणि गाणे गाजून पहिला जाहिरातदार दारात आला, की वादाला तोंड फुटते. ध्वनिमुद्रण कलाकाराचे, चित्रफीत वाहिनीची आणि ठरावीक वर्षांनंतर तीही कलाकाराकडे परत, एवढे तीन मुद्दे चित्रीकरणाच्या दिवशीच कागदावर उतरविण्यास एक तासही लागत नाही.